कार्कासोन : ओद नदीकांठचें तटबंदी शहर

दक्षिण फ्रान्समध्यें ओद नदीच्या कांठीं कार्कासोन नांवाचें शहर आहे. नदीच्या पश्चिमेस सपाटीवर अर्वाचीन वस्ती असून पूर्वेकडील टेकडीवर जुनें शहर वसलें आहे. त्याच्या भोंवतीं एकांत एक असे दोन तट आहेत. त्यांची एकंदर लांबी सुमारें ३ किलोमीटर व बुरूज ५२ आहेत. भूमध्यसमुद्राकडून अटलांटिक महासागराकडे जाणारी वाट या टेकडीखालून जाते. म्हणून ती ज्याच्या हातीं त्याच्या हातीं सारा प्रांत, असें समजलें जाई.

आंतल्या तटाचा पाया रोमन लोकांचा होय. लहान दगडांच्या थरांमध्यें विटांचे पट्टे दिसले कीं तें काम त्यांचें, अशी खूण आहे.

शहराच्या नांवाविषयीं एक कथा सांगतात. शार्लमेन राजानें वेढा घातला असतां आंत धान्य सरत आलें. तेव्हां कार्कास नामक राणीनें उरलेले गहूं एका डुकरास चारून तें बुरुजावरून खालीं टाकविलें. डुकरांस गहूं चारणारे उपाशी कसे मरतील, असें वाटून शत्रूनें वेढा उठविला! कथा गोड आहे, परंतु शहराचें नांव रोमन काळापासूनचें आहे. खरा वेढा १२०९ सालचा, आणि त्यांत असें कांहीं घडलें नाहीं.

त्या वर्षीं पोप तिसरा इनोसंट याच्या आज्ञेवरून काथार पंथाविरुद्ध धर्मयुद्ध सुरू झालें. जुलैंत बेझिए शहरीं भयंकर कत्तल झाली. ऑगस्टांत सैन्य येथें पोहोंचलें. नदीकडची वाट तुटली, ऐन उन्हाळ्यांत पाणी संपलें, आणि दोन आठवड्यांत शहर पडलें. लोकांस केवळ अंगावरच्या वस्त्रांनिशीं बाहेर पडावें लागलें. तरुण अधिपति रेमोंरोझे त्रांकावेल कैदेंत पडला व त्याच नोव्हेंबरांत मरण पावला. ख्रिस्ताचें नांव घेऊन हें केलें गेलें, हें वाचतांना ख्रिस्ती मनुष्यास लाज वाटल्यावांचून राहत नाहीं.

पुढें हें शहर फ्रान्सच्या राजांकडे आलें व तेराव्या शतकांत बाहेरचा तट उभा राहिला. त्याचे बरेच बुरूज मागील बाजूस उघडेच ठेविले आहेत. हा निष्काळजीपणा नव्हे. शत्रूनें असा बुरूज घेतला तरी आंतल्या तटावरील बाणांपासून त्यास आडोसा मिळूं नये, ही त्यांतील योजना. १३५५ सालीं इंग्लंडच्या काळ्या राजपुत्रानें खालचें शहर जाळलें, पण टेकडीवरचें घेण्याच्या भरीस तो पडला नाहीं.

शत्रूस जें साधलें नाहीं तें शांततेनें जवळजवळ साधलें. १६५९ च्या तहानें स्पेनची सरहद्द दक्षिणेस सरकली आणि किल्ल्याचें प्रयोजन संपलें. दोन तटांमधील मोकळ्या जागेंत गरिबांनीं घरें बांधलीं. तटाचे दगड लोक घरबांधणीस नेऊं लागले. अखेर १८४९ सालीं सरकारनेंच तट पाडण्याचें ठरविलें. क्रो-मेरव्हिए या स्थानिक इतिहाससंशोधकासारख्या मंडळींनीं विरोध केला, तो हुकूम मागें घ्यावा लागला, आणि १८५३ पासून व्हियोले-ल-द्युक या वास्तुशास्त्रज्ञानें जीर्णोद्धार आरंभिला. त्यानें बुरुजांवर काळ्या पाटीच्या दगडाचीं उंच निमुळतीं छपरें चढविलीं. तीं उत्तर फ्रान्सच्या तऱ्हेचीं, असा आक्षेप आजही घेतला जातो व तो योग्य आहे. परंतु त्याच्या श्रमांवांचून आज आक्षेप घेण्यासही कांहीं उरलें नसतें. पुढें कांहीं बुरुजांवर कौलें घातलीं गेलीं, म्हणून आतां दोन्ही तऱ्हा शेजारींशेजारीं दिसतात. १९९७ सालीं युनेस्कोनें हें शहर जागतिक वारशांत घेतलें.

पाहणाऱ्यानें नार्बोन दरवाजानें आंत शिरावें, सें-नाझेर देवळांतील रंगीत कांचांच्या खिडक्या पाहाव्या, आणि सायंकाळीं चौदाव्या शतकांतील जुन्या पुलावर यावें. तेथून सारा तट एका दृष्टिक्षेपांत येतो.