मेणवलीचा वाडा

सिंदफणेकाठी आपण पडक्या गढ्या पाहतो. कृष्णाकाठी, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा मात्र अजून उभा आहे. गाव नानांना १७६८ मध्ये इनाम मिळाले. घाटावरची घंटा १७३९ च्या वसईच्या विजयातली. शिवाच्या दारी चर्चची घंटा, गंमतच नव्हे का?

१३ मार्च १८०० रोजी नाना वारले. मागे राहिली पत्नी जिऊबाई, अगदी पोर हो! आधी बाजीरावाचा धाक, मग इंग्रजांचा आश्रय. पुढे मेणवली तिला परत मिळाली. दत्तक घेऊन तिने घराणे चालविले. मला मोल वाटते ते आणखी एका गोष्टीचे. नानांचे दप्तर या वाड्यात राहिले, आणि उत्तर पेशवाईचा पुष्कळसा इतिहास त्या कागदांवरून लिहिता आला.