रावसाहेब मंडलिकांचा ग्रंथसंग्रह

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातले धनिक दुर्मिळ पुस्तकांवर लिलावात बोली लावत होते. त्याच काळात मुंबईत एक कोकणी वकील संस्कृत पोथ्या जमवत होता. विश्वनाथ नारायण मंडलिक यांचा जन्म १८३३चा, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरूडचा. शिक्षण रत्नागिरीत आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. काही वर्षे सरकारी नोकरी करून ते वकिलीत आले.

त्यांच्या ग्रंथप्रेमाला वकिलीने दिशा दिली. हिंदूंच्या वारसा, दत्तक, वाटणीच्या दाव्यांत न्यायाधीश तोवर न्यायालयातल्या शास्त्र्यांचे मत घेत. १८६४ साली ती पदे रद्द झाली आणि निकालाचा भार धर्मशास्त्राच्या ग्रंथांवर आला. तेही सगळीकडे सारखे नव्हते. मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकणात नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’ला मान, रत्नागिरीत ‘मिताक्षरा’ प्रमाण. शिवाय हस्तलिखितांत पाठभेद. पाठ बदलला की अर्थ बदले, आणि अर्थ बदलला की वारसही!

म्हणून मंडलिकांनी पोथ्या नुसत्या जमवल्या नाहीत, एकमेकींशी ताडून पाहिल्या. १८८० साली ‘व्यवहारमयूख’ आणि याज्ञवल्क्यस्मृती यांचे इंग्रजी भाषांतर त्यांनी प्रसिद्ध केले. १८८६ साली मनुस्मृती छापली, ती मेधातिथी, कुल्लूक, राघवानंद अशा अनेक टीकाकारांसह. वेगवेगळ्या पोथ्यांत विखुरलेल्या टीका अभ्यासकाला एकत्र मिळाल्या.

गावाकडच्या कागदांनाही त्यांच्या लेखी तेवढीच किंमत होती. मुरूड गाव कसे वसले हे सांगणारा जुना लेख त्यांनी १८६५च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडला. पुढे संगमेश्वर माहात्म्यावरही लिहिले. कायदेमंडळ, मुंबई महापालिका, ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्र, एवढा व्याप सांभाळून हे चालले होते, याचा मला फार आदर वाटतो.

१८८९ साली ते गेले. त्यांचा संग्रह पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आला आणि धर्मशास्त्राच्या संशोधकांनी त्यातल्या पोथ्या वापरल्या. माणूस गेल्यावरही संग्रह कामाला आला, कारण तो वाचणाऱ्यांच्या हाती पोचला.

कोकणातल्या कितीतरी घरांत माळ्यावर पोथ्यांचे रुमाल अजून बांधलेलेच असतील. दमट हवा आणि वाळवी कुणासाठी थांबत नाहीत. यंदाच्या पावसाआधी ते सोडा, यादी करा, जाणकाराला दाखवा. मुरूडच्या वसाहतीचा लेख असाच कुणीतरी जपला होता, म्हणून तो मंडलिकांना वाचता आला.