डिझेल मोटारीस विजेचा पंखा

उत्तरपाड्याच्या कारखान्यांतून अँबॅसेडर मोटार निघणें २०१४ सालीं बंद झालें. तथापि तिचीं १४८९ घनसेंटिमीटरचीं जुनीं डिझेल इंजिनें हौसेनें सांभाळलेलीं अद्याप आढळतात. अशा गाडीच्या धन्यास मूळचा पंखा काढून विजेचा बसविण्याचा मोह होतो, आणि तो अगदींच अनाठायीं नाहीं.

मूळचा पंखा पाण्याच्या पंपाच्या कप्पीवर बसविलेला असून पट्ट्याच्या योगानें इंजिनाबरोबर फिरतो. गरज पाहून फिरणें त्यास ठाऊक नाहीं. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वाराच रेडिएटरास पुरतो, आणि नेमका तेव्हांच हा सर्वांत जोरानें फिरतो. पंख्याची गति दुप्पट झाली कीं त्यास लागणारी शक्ति आठपट होते. ती डिझेल जाळूनच मिळावयाची. उलट गर्दींत गाडी खोळंबली कीं तो मंदावतो. विजेच्या पंख्यानें हा उलटा न्याय टळतो.

परंतु येथें एक गोष्ट सहसा लक्षांत घेतली जात नाहीं. जुनें डिझेल इंजिन एकदां सुरू झालें म्हणजे त्यास विजेची गरज उरत नाहीं. दाबानें तापलेल्या हवेंतच इंधन पेटतें, ठिणगी लागत नाहीं. इंधनाचा पंपही यांत्रिक. विजेचा पंखा बसवितांच या स्वावलंबी इंजिनाचा जीव एका फ्यूजवर टांगला जातो. फ्यूज वितळला तरी इंजिन चालतच राहतें, आणि पाणी उकळून हेड वांकडें होईपर्यंत चालकास पत्ता लागत नाहीं. म्हणून पंख्याच्या आधीं उष्णतामानाचा खात्रीचा कांटा व धोक्याचा दिवा बसविला पाहिजे.

दुसरा प्रश्न विजेच्या पुरवठ्याचा. बारा व्होल्टवर पंखा सुमारें १५ अँपिअर घेतो, पुढचे दोन दिवे मिळून ९. बावीस अँपिअरच्या जुन्या डायनामोस हें झेपत नाहीं. शिवाय इंजिन मंद असतां डायनामो जवळजवळ कांहींच देत नाहीं. तेथें आधीं अल्टरनेटर हवा. पंख्याचा प्रवाह साध्या बटणांतून न नेतां जाड तारेनें, स्वतंत्र फ्यूज व रिले यांच्या द्वारें न्यावा.

थर्मोस्टॅट ८२ अंशांस उघडत असेल तर पंख्याचा स्विच ९२ अंशांस लागणारा व ८७ अंशांस सुटणारा घ्यावा. याहून कमी अंशांचा घेतल्यास पंखा अखंड फिरत राहील. पंखा रेडिएटरच्या मागें, हवा ओढणारा, भोंवतीं आवरण असलेला असावा. जाळींतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून तो बांधूं नये. घासून नळ्यांस भोंकें पडतात. जुनीं पातीं काढलीं तरी पट्टा मात्र ठेवावा, कारण पाण्याचा पंप त्याच्यावरच चालतो.

गाडी आधींपासूनच तापत असेल तर हा उपाय नव्हे. रेडिएटर गाळानें तुंबला आहे काय, थर्मोस्टॅट अडकला आहे काय, तें प्रथम पाहावें. काढलेलीं पातीं व त्यांचे स्क्रू डिकींत असूं द्यावे. घाटांत विजेचा पंखा बंद पडल्यास तींच पुन्हां बसवितां येतात.