ससूनचा ‘साहेब’ बगदादचा होता

काळेवाडीत कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की दोनच नावं निघतात. आधी वायसीएम हॉस्पिटल आणि तिथून हलवायची वेळ आली तर पुण्याचं ससून हॉस्पिटल. वायसीएम म्हणजे यशवंतराव चव्हाण हे शाळकरी पोरही सांगेल. ससून कोण, असं विचारलं की मात्र ठरलेलं उत्तर येतं, ‘असेल कोणीतरी इंग्रज साहेब.’ शिकलीसवरलेली माणसं हे ठामपणे सांगतात. एकाने तर त्यांना पुण्याचा कलेक्टरही करून टाकलं. हे आता इतक्यांदा ऐकलंय की नीट लिहूनच टाकावं म्हटलं.

डेव्हिड ससून इंग्रज नव्हते. ते बगदादचे यहुदी. जन्म १७९२ चा. वडील बगदादच्या तुर्की पाशांचे खजिनदार आणि तिथल्या यहुदी समाजाचे प्रमुख. पुढे दाऊद पाशाच्या अमदानीत जाच वाढला, तेव्हा डेव्हिड बगदाद सोडून निसटले. आधी इराणच्या बुशेर बंदरात आणि तिथून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. मग कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अमाप पैसा मिळवला. अफू चीनला जायची. दानशूरपणाच्या कथा सांगताना हे वाक्य बहुतेक जण गिळतात, गिळू नये. १८५३ साली त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, पण इंग्रजीशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. अंगात अरबी झगा, डोक्याला पागोटं, घरात बगदादची अरबी आणि पेढीची पत्रं त्याच अरबीत, पण हिब्रू लिपीत. खरा ‘साहेब’ झाला तो त्यांचा मुलगा अब्दुल्ला. तोच पुढे सर अल्बर्ट ससून म्हणवला गेला आणि मुंबईतला ससून डॉक त्याने बांधला.

एवढ्यावर विश्वास बसत नसेल तर कॅम्पात मोलेदिना रोडवर जा. तिथलं लाल विटांचं, नव्वद फुटी घड्याळाच्या मनोऱ्याचं ‘लाल देऊळ’ अनेकांना चर्च वाटतं. ते यहुद्यांचं प्रार्थनास्थळ आहे. ते उभं राहिलं ससून यांच्याच पैशातून, पण पुरं झालं १८६७ साली. ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले आणि त्याच आवारात त्यांची कबर आहे. हॉस्पिटलही १८६७ चंच. म्हणजे ज्या दोन वास्तूंमुळे पुणं त्यांना ओळखतं, त्या दोन्ही पुऱ्या झालेल्या त्यांनी पाहिल्या नाहीत.

आता पुढचा प्रश्न. बगदादला यहुदी कुठून आले? इथे अडीच हजार वर्षं मागे जावं लागतं. बगदादजवळच्या प्राचीन बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, नबुखद्नेस्सर राजाने इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेम घेतलं आणि यहूदाचा तरुण राजा यहोयाखीन याला दरबाऱ्यांसह आणि कारागिरांसह उचलून नेलं. दहाएक वर्षांनी यरुशलेमचं मंदिर जाळलं आणि आणखी लोक नेले. हाच तो बाबेलचा बंदिवास. ही नुसती धर्मग्रंथातली गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांसाठी पुरावा देतो. बाबेलच्या राजवाड्याच्या उत्खननात शिध्याच्या नोंदी असलेल्या मातीच्या पाट्या मिळाल्या. कोठारातून कुणाला किती तेल दिलं याचा तो हिशेब, आणि त्यात यहूदाच्या या राजाचं नाव आणि त्याच्या पाच मुलांचा उल्लेख आहे. कोठारातल्या कारकुनाला धर्मप्रचार करायचा नव्हता.

‘बंदिवास’ म्हटलं की लोकांना साखळदंड दिसतात. तसं नव्हतं. बाबेलच्या मुलखात अल-याहुदू नावाची यहुद्यांची वस्तीच होती. तिथल्या मातीच्या पाट्यांवर जमिनीचे खंड, जव आणि खजुराचे व्यवहार लिहिलेले सापडलेत. यिर्मया संदेष्ट्याने तर पत्र धाडून बजावलं होतं की घरं बांधा, बागा लावा, पोराबाळांची लग्नं करा. यहेज्केल हा संदेष्टा त्या बंदिवानांमध्येच राहत होता.

इ. स. पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेशने, म्हणजे सायरसने, बाबेल घेतलं आणि परतीची वाट मोकळी केली. ब्रिटिश म्युझियममधला त्याचा मातीचा दंडगोल म्हणजे यहुद्यांना दिलेला परवाना, हेही उगाच सांगितलं जातं. त्या दंडगोलावर यहुद्यांचं नावही नाही; देवळं पुन्हा उभारण्याचं आणि लोकांना परत पाठवण्याचं सर्वसाधारण धोरण आहे. परतलेल्यांपैकी जरुब्बाबेलच्या पुढाकाराने मंदिर पुन्हा उभं राहिलं. शास्त्री एज्राने नियमशास्त्राची घडी बसवली. नहेम्या हा इराणी बादशहाचा प्यालेबरदार. तो रजा घेऊन यरुशलेमला आला आणि बायबलच्या म्हणण्याप्रमाणे ५२ दिवसांत तट उभा केला.

सगळे परत गेले, हा मात्र सर्वांत मोठा घोटाळा. गेले ते काही जण. बाकीचे तिथेच राहिले. शेती होती, धंदा होता, आणि दोन पिढ्यांनंतर यरुशलेम हे आजोबांचं गाव उरलं होतं. चिंचवडला कारखान्यात लागलेल्या माणसाची नातवंडं मराठवाड्यात कितीशी परततात? या मागे राहिलेल्यांमधूनच पुढे सूरा आणि पुंबदिता इथल्या विद्यापीठांचा दबदबा वाढला. रव आणि रव आशी यांच्यासारखे आचार्य तिथे झाले, बाबिलोनी तालमूद हा यहुद्यांचा धर्मग्रंथ तिथे तयार झाला. दहाव्या शतकात सादिया गाओन सूरेच्या पीठावर होता. बगदादचे यहुदी स्वतःला याच परंपरेचे वारस मानत, आणि ससून घराणं त्यांच्यातलंच.

बाकी किरकोळ गोष्टी झटपट. कोकणातले बेने इस्राएल यहुदी ससून यांचे भाऊबंद नव्हेत. ते त्यांच्या कितीतरी आधीपासून इथले, घरात मराठी बोलणारे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं ते सांगतात. दोन्ही समाजांत गळ्यात गळे होते, हेही खरं नाही. मुंबईच्या दफनभूमीत मध्ये भिंत घाला असा अर्ज १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी केला होता. यहुदी म्हणजे सावकार, हा तर निव्वळ आळशीपणा. कोकणात बेने इस्राएल घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुंबईतला डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा, ते १९३७ चे महापौरही बेने इस्राएलच.

आणि बगदादला आज यहुदी किती, असं कुणी विचारतंच. जवळजवळ कुणीच नाही. १९५१-५२ च्या सुमारास इराकमधले लाखाहून जास्त यहुदी विमानांनी इस्राएलला नेले गेले. त्या मोहिमेचं नाव होतं ‘एज्रा आणि नहेम्या’.