हनुवटीवरील तारुण्यपीटिका

हनुवटीस तळहाताचा टेकू देऊन बसलेला विद्यार्थी मधूनच तेथील पुटकुळी नखानें टोकरतो, हें दृश्य शिक्षकांच्या परिचयाचें आहे. या मुरुमांची त्यास लाज वाटते. परंतु तें दुराचरणाचें फळ नव्हे. वयांत येतांना अंतःस्रावांमुळें त्वचेंतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात. तें तेल व मृत पेशी यांनीं केसाचें छिद्र बुजतें, आंत जंतु वाढतात व दाह होतो. कित्येक मुलींस मासिक पाळीपूर्वीं हा त्रास हनुवटीवर विशेष होतो. भातकुलीच्या उन्हांत तोंडास घट्ट बांधलेला घामट रुमालही त्यांत भर घालतो.

सौम्य साबणानें दिवसांतून दोनदां तोंड धुवावें, रुमाल रोज बदलावा, पुटकुळी फोडूं नये. फोडल्यास वण राहतात. बेंझॉइल पेरॉक्साइडच्या मलमाचा गुण येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोंवर धीर धरावा. गोरेपणाच्या नादानें स्टेरॉइडमिश्रित मलम मात्र लावूं नये. त्यानें त्वचा पातळ होते व मुरुम उलट बळावतात. म्हणूनच २०१८ सालीं सरकारनें अशीं कित्येक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली.

पालकहो, गांठी दुखऱ्या असल्यास किंवा मुलीची पाळी फार अनियमित असल्यास डॉक्टरांस दाखवा. आणि मुलांच्या चेहऱ्याची थट्टा घरांत तरी होऊं देऊं नका.