विषारी राखेचा बंदोबस्त

राख म्हटली की आपल्याला चूल आठवते. राखेने घासून लख्ख केलेली भांडी आठवतात. जळाले ते शुद्ध झाले, अशी आपली समजूत. विषारी कचऱ्याच्या बाबतीत ही समजूत घातक ठरते.

भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर त्या कारखान्यात पडून राहिलेला 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये पिथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर तेथील भट्टीत जाळून संपला. बाबासाहेबांच्या जन्मभूमीजवळचे, महूनजीकचे हे औद्योगिक गाव. मागे उरलेली राख व अवशेष मात्र 800 टनांहून अधिक भरले. कारण धुरातील आम्लवायू शोषून घेण्यासाठी चुन्यासारखे पदार्थ वापरावे लागतात व तेही राखेत जमा होतात.

आगीने सेंद्रिय विषांचे विघटन होते. परंतु शिसे, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्ये जळून नष्ट होत नाहीत. काही धातू तळच्या राखेत उरतात, तर वाफ होणारे धुराबरोबर जाऊन गाळणीतील बारीक राखेत साठतात. ही बारीक राख अधिक धोक्याची.

तिच्या बंदोबस्ताच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, बांधणे. राखेत सिमेंट, चुना व पाणी मिसळतात. आम्लारीधर्मी मिश्रणात बरेच धातू सहसा न विरघळणाऱ्या रूपात येतात आणि सिमेंटमध्ये जखडले जातात. पाऱ्यासाठी सल्फाइड वापरतात. प्रमाण मात्र नेमके हवे. चुना अति झाला तर शिसे पुन्हा विरघळू लागते.

दुसरी, तपासणे. नमुना सौम्य आम्लयुक्त पाण्यात सुमारे 18 तास घुसळतात. पाण्यात शिसे लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या, किंवा पारा 0.2 मिलिग्रॅमच्या वर उतरला, तर ती राख पुरण्यास अपात्र ठरते.

तिसरी, राखणे. चिकणमाती व जाड प्लास्टिकच्या दुहेरी अस्तराच्या खड्ड्यात ती पुरतात. झिरपणारे पाणी नळांनी गोळा करतात, भोवतालच्या निरीक्षण विहिरी तपासतात. खड्डा बंद झाल्यावरही 30 वर्षे देखरेख अपेक्षित असते.

म्हणजे विष नाहीसे होत नाही. ते कैदेत राहते. पहारा ढिला पडला, तर पहिली नासते ती शेजारच्या वस्तीची विहीर. 1927 साली महाडला आपण पाण्याचा हक्क बजावला. ते पाणी निर्विष असणे हाही त्याच हक्काचा भाग आहे. आमचे माजी विद्यार्थी आज ग्रामपंचायतीत आहेत, कारखान्यांत आहेत, कचेऱ्यांत आहेत. आपल्या परिसरात असा खड्डा असेल, तर राखेच्या आणि विहिरींच्या तपासणीचे अहवाल त्यांनी मागावेत, वाचावेत व वस्तीला समजावून सांगावेत. शिक्षणाचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे, असे आम्ही मानतो.