दिव्यात तेल आहे का?

नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाला ख्रिस्ती बहिणी आगमनकाळ म्हणतात. ख्रिस्त पुन्हा येणार, पण दिवस कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची श्रद्धा.

बायबलात दहा कुमारींचा दाखला आहे. नवरदेवाला उशीर झाला. पाचजणींनी जास्तीचं तेल आणलं होतं. बाकीच्या ऐनवेळी तेल आणायला धावल्या, तोवर दार बंद झालं.

म्हणजे वाट पाहणं हे रिकामं बसणं नव्हे. 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्यातच होता. उपाशी मुली, विधवांना त्यांनी आसरा दिला. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात लिहिणं-वाचणं, विणकाम शिकवलं. ख्रिस्ताची वाट त्यांनी अशी पाहिली.

आजारपण, नापिकी आम्हालाही सांगून येत नाही. म्हणून गटात आम्ही दर महिन्याला एकमेकींना विचारतो, दिव्यात तेल आहे ना?